तिचे पाय मी पाहिले होते

रत्नाला मी माफ केलं होतं. अगदी रीतसर. चार वर्षांपूर्वी आमच्या धुळ्याच्या चर्चमध्ये पाळकसाहेबांनी आम्हा दोघींना पुढे बोलावलं, हात हातात दिले, सगळी मंडळी 'आमेन' म्हणाली आणि सतरंजीवर बसलेल्या दोघीतिघींनी डोळेसुद्धा पुसले. मीही पुसले. सत्तावीस वर्षं मी नर्स होते. कुठे कसा चेहरा ठेवायचा हे मला कुणी शिकवायला नको. घरी आले आणि तो हात साबण लावून धुतला.

तिने काय केलं होतं ते सांगते. आमच्या बायकांच्या प्रार्थनेत आधी प्रत्येकीने आपला 'प्रार्थनेचा विषय' सांगायचा अशी पद्धत आहे. कुणाच्या नवऱ्याची दारू, कुणाच्या सुनेचा स्वभाव, कुणाची गाठ. सांगायचं, सगळ्यांनी मिळून प्रार्थना करायची आणि ते तिथेच ठेवून उठायचं. माझी दीपमाला लहान असताना तिला फिट यायची. दहाव्या वर्षानंतर एकदाही आली नाही, पण तोवर मी तो विषय दर शुक्रवारी रडून सांगितला होता. रत्ना तेव्हा माझा हात धरून रडायची. माझ्याहून सहा वर्षांनी लहान, मला अक्का म्हणायची. माझ्या हातची कढी तिला आवडायची म्हणून मी डबा भरून द्यायचे.

दीपमालाचं लग्न यावलच्या मुलाशी ठरलं. आमच्यात लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये नावं वाचतात आणि कुणाची हरकत असेल तर सांगा म्हणतात. दोन रविवार नावं वाचली गेली. तिसऱ्या रविवारच्या आधी मुलाकडचा फोन आला. पोरीला फिट येते हे तुम्ही लपवलंत, आता राहू द्या. मुलाची आत्या रत्नाच्या नात्यातली निघाली. रत्नाने तिला सांगितलं होतं, तेही 'या पोरीसाठी प्रार्थना करत राहा' असं म्हणून. म्हणजे पोटात गेलेलं विषसुद्धा प्रसादाच्या ताटातून आलेलं.

दीपमाला नाशिकला निघून गेली. नोकरी करते, एकटी राहते. नाताळलाही येत नाही. चर्चचं नाव काढलं की फोन ठेवते. मला एकुलती एक लेक होती आणि ती एका प्रार्थनेच्या विषयापायी मला दुरावली, हे मी चार वर्षं दिवसातून शंभरदा मनात म्हटलं असेल.

पाळकसाहेब उपदेशात सांगायचे, आपलं मन राखा, त्यात कडूपणा शिरू देऊ नका, एकदा शिरला की तो घरमालक होतो. मी मान डोलवायचे आणि तिरक्या नजरेने बघायचे, रत्ना ऐकते आहे ना? माझ्यात कडूपणा आहे हे माझ्या गावीही नव्हतं. मला वाटायचं मी दुखावलेली आहे. दुखावलेल्या माणसाला सगळं माफ असतं, नाही का?

आता त्या शुक्रवारचं सांगते, कारण तिथून माझी झोप उडाली.

उपास-प्रार्थना होती. शेवटी पाळकीणबाई म्हणतात, 'आता सर्वांनी आपापल्या शब्दांत', आणि तीस-पस्तीस बायका एकदम मोठ्याने प्रार्थना करू लागतात. ज्याने कधी ऐकलं नाही त्याला तो कल्ला वाटेल. टाळ्या, रडणं, हल्लेलुया. त्यात आपला आवाज आपल्यालाच ऐकू येत नाही, म्हणून मनात दडलेलं सगळं बाहेर पडतं. थोड्या वेळापूर्वीच रत्नाने तिचा विषय सांगितला होता. तिची वृषाली आठव्या महिन्यात होती, बाळंतपणाला माहेरी आली होती, जावई सोनगीरच्या शाळेत शिक्षक, सासू जीव लावणारी. सगळं कसं प्रभूने छान केलं. सांगताना रत्नाचा चेहरा असा फुलला होता की मला तो बघवेना.

मी डोळे मिटले, हात वर केले आणि त्या कल्ल्यात चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाले, 'प्रभू, हिच्याही पोरीला फिट येऊ दे. हिलाही कळू दे.'

दोनदा म्हणाले. मग 'आमेन' म्हणून मोकळी झाले. बरंसुद्धा वाटलं. येताना बाजारातून मेथी घेतली.

रविवारी प्रभुभोजन होतं, पुढे जाऊन भाकर आणि द्राक्षरस घ्यायचा. चपला बाहेर काढून आम्ही रांगेने पुढे जातो आणि गुडघे टेकतो. माझ्या शेजारी वृषाली आली. पोटामुळे तिला टेकता येईना, म्हणून ती पायरीवर बसली आणि पाय पुढे घेतले. मी पाहिले तिचे पाय.

नुसती सूज नव्हती. घोटे दिसेनासे झाले होते. सँडलच्या पट्ट्यांचे वळ कातडीत खोल रुतले होते. चेहरा फुगलेला, डोळ्यांच्या पापण्या जड, बोटातली अंगठी मांसात गेलेली. सत्तावीस वर्षांतली बारा मी बाळंतिणींच्या वॉर्डात काढली आहेत. असे पाय दिसले की आम्ही आधी प्रेशर बघायला पळायचो, नाव मागून विचारायचो.

भाकर घेऊन झाल्यावर बाहेर चपला घालताना वृषालीच म्हणाली, "मावशी, पाय बघा ना कसे झालेत. डोकंपण दुखतंय कालपासून. असं होतं का हो?"

ती हसत विचारत होती. मी तिच्या बारशाला गेले होते. तिचं पहिलं लसीकरण माझ्या हातचं. आणि मी तिच्या त्या फुगलेल्या, हसऱ्या तोंडाकडे बघून म्हणाले, "होतं गं कधीकधी शेवटच्या महिन्यांत."

खोटं नव्हतं. होतं कधीकधी. शंभरातल्या कित्येकींना सूज येते आणि काही होत नाही. पण मला माहीत होतं की ही ती सूज नाही, आणि मी बोलले नाही. का बोलले नाही हे त्या वेळी मी स्वतःलाही विचारलं नाही. घरी जाऊन जेवले.

दुपारी आडवी झाले आणि मग भीती आली. आधी थोडी, मग अशी की उठून बसले. सोमवारी सकाळी फोन हातात घेतला. रत्नाचा नंबर काढला. चार वर्षांत मी तिला फोन केला नव्हता. काय सांगणार? 'तुझ्या लेकीला दाखवून आण, मी काल पाहिलं होतं'? मग काल का नाही बोललीस, असं ती विचारणारच. मी फोन ठेवला. सोमवारी तिची तपासणी असतेच, डॉक्टर बघतील, असं म्हणून मी माझं समाधान करून घेतलं. डॉक्टरांवर टाकलं की नर्सला फार हलकं वाटतं.

मंगळवारी अकराच्या सुमारास दारात जावई उभा. दीपक. हेल्मेट हातात, शर्ट उलटा घातलेला, ते त्याला कळलंही नव्हतं.

"मावशी, चला. वृषालीला झटके आलेत. सकाळी दोनदा. दवाखान्यात आहे." त्याने हेल्मेट माझ्या हातात दिलं. "सासूबाई म्हणाल्या, दुसऱ्या कुणाला नको, सुनंदाबाईंनाच आण."

झटके म्हणजे फिट. मी दोनदा मागितली होती, दोनदा आली.

गाडीवर मागे बसले. उन्हात रस्ता तापला होता, पारोळा रोडवर ट्रकांची रांग, आणि माझ्या डोक्यात एकच. मलाच का नाव घेऊन बोलावलं? वृषालीने सांगितलं असेल का? 'सुनंदा मावशी म्हणाल्या की होतं असं.' एवढं एक वाक्य पोरीने आईला सांगितलं असेल तर रत्ना मला तिथे सगळ्यांसमोर उभी करील. आणि तिने ते करावं, याहून कमी मला काही मिळू नये, हेही मला कळत होतं. तरी मी भीत होते. पाप कबूल करायची भीती नसते हो, पकडलं जाण्याची असते.

दवाखान्यात वरच्या मजल्यावर रत्ना बाकावर बसली होती. पदर जमिनीवर लोळतोय. मला बघून उठली, माझा दंड धरला आणि जिन्याच्या कोपऱ्यात नेलं, पाण्याच्या कूलरपाशी. तिथे कुणी नव्हतं. एरवी ती चर्चमधल्यासारखं शुद्ध बोलते; घाबरली की माहेरची अहिराणी बाहेर येते.

"अक्का, शुक्रवारले मी तुन्हा मांगेच बसेल व्हती," ती म्हणाली. "तू काय मागं ते बठ्ठं आयकं मी."

मी काय मागितलं ते तिने सगळं ऐकलं होतं. मी भिंतीला टेकले.

"कोनले सांगं नही. दीपकले बी नही, पाळकसाहेबले बी नही. मन्हं चुकेल शे, मी दीपमालाचं बोलले, म्हणून तू मागं. ते मन्हं मी बघसू. पण पोरनं काय?" तिने माझे दोन्ही हात धरले. "तू मागं ना? आते तूच परत ले. तुन्हं तोंडनं गयं, तुन्हंच तोंडनं परत येवू दे. दुसरं कोनी मागीसन उपयोग नही."

माझ्या तोंडून गेलेलं मीच परत घ्यावं, एवढंच ती मागत होती. आणि खरं सांगते, कारण इथे खरं नाही सांगितलं तर हे सांगायलाच नको. माझ्या मनात आधी काय आलं? सुटले. तिला फक्त प्रार्थनेचं माहीत आहे. पायांचं माहीत नाही.

मी तिथेच, त्या ओल्या फरशीवर गुडघे टेकले. रत्नाही टेकली. मी मोठ्याने प्रार्थना केली. प्रभू, मी मागितलं ते परत घेते, ते माझ्यावर येऊ दे, या लेकराला सोड. मी रडले. रडणं खरं होतं, भीतीही खरी होती. पण त्या सगळ्याच्या मागे मला एक गोष्ट ठाऊक होती. हे सोपं आहे. देवावर ढकललं आहे मी. 'मी मागितलं आणि त्याने दिलं', म्हणजे निम्मी जबाबदारी त्याची.

रत्नाने माझे डोळे तिच्या पदराने पुसले. "बस, अक्का," ती म्हणाली. "आता ऐकील तो."

मग एकामागून एक गोष्टी झाल्या. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, बाळाला आत्ताच काढायला हवं म्हणाल्या. दीपकने सह्या केल्या. त्याला रक्ताच्या पिशवीसाठी रक्तपेढीत धाडलं. पाऊण तासाने आतून एक बारीक रडणं आलं, मांजरीच्या पिल्लाचं असतं तेवढंच. मुलगी. सव्वा किलोची. तिला कापडात गुंडाळून काचेच्या पेटीत ठेवायला नेलं. रत्ना ओरडली, "ऐकलं! अक्का, ऐकलं त्याने!" आणि माझ्या गळ्यात पडली.

वृषाली शुद्धीवर आली नव्हती. प्रेशर उतरत नव्हतं. आतली नर्स, कोवळी पोरगी, मला म्हणाली, "पेशंट अजून क्रिटिकल आहे, काकू." मी मान हलवली. मला त्या शब्दाचं वजन तिच्याहून जास्त ठाऊक होतं.

आम्ही बाकावर बसलो. कँटीनवाल्याकडून रत्नाने चहा मागवला, दोन कप, आणि माझा कप फुंकून माझ्या हातात दिला. मी तो तसाच बाकावर ठेवला.

"सोमवारीच नेणार होते मी तिला तपासायला," रत्ना आता शांत होऊन बोलत होती. "निघालेही होतो. पण तीच म्हणे, आई, बुधवारी जाऊ, ऊन फार आहे, मला काही झालं नाहीये, होतं असं शेवटी. कुठून तिने डोक्यात घेतलं काय माहीत."

कुठून ते मला माहीत होतं. जगात फक्त दोघींना माहीत होतं. एक आत बेशुद्ध पडली होती.

आणि तेव्हा तो विचार आला. मी काही त्याला बोलावलं नव्हतं, पण तो माझ्याच घरचा असल्यासारखा सरळ आत आला. ती शुद्धीवर आली तर सांगेल. आणि नाही आली, तर कुणाला कधीच कळणार नाही.

एवढाच विचार. एक श्वासभर. पण त्या एका श्वासात मी त्या पोरीच्या मरणाकडे माझी सोय म्हणून बघितलं. जिला मी पहिली सुई टोचली होती, जिचं लेकरू तासाभरापूर्वी जन्मलं होतं. आयुष्यात मी मरणं पुष्कळ पाहिली, पण एवढी कधी भ्याले नाही. बाहेर काही भयंकर घडत नव्हतं. चहाचा कप होता, उन्हाचा पट्टा फरशीवर होता, एक माणूस मोबाइलवर कांद्याचे भाव ऐकत होता. जे होतं ते माझ्या आत होतं. चार वर्षं मी त्याला 'माझं दुःख' म्हणून पोसलं होतं आणि आता ते काय मागतंय ते मला दिसलं. रत्नाच्या पोरीचा जीव मागत होतं. दिला असता तर उद्या आणखी कुणाचा मागितला असता. मला माझ्याच छातीपासून लांब पळावंसं वाटलं. कुठे पळणार?

"रत्ना," मी म्हणाले. "प्रार्थनेने काही झालेलं नाही."

"म्हणजे?"

"देव असल्या प्रार्थना ऐकत नाही. ऐकत असता तर आपल्या गल्लीत एक माणूस उरला नसता. हे झालं ते प्रेशरने झालं, गरोदरपणात ते असं चढलं की झटके येतात. महिनाभर आधीपासून चढत असेल. आणि रविवारी मी तिचे पाय पाहिले होते."

अजून तिला कळलं नव्हतं.

"सूज पाहिली. चेहरा पाहिला. डोकं दुखतंय असं ती स्वतः म्हणाली. हे काय आहे ते मला तिथेच कळलं होतं. 'आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जा' एवढं म्हणायचं होतं. तिने विचारलं, मावशी असं होतं का? मी म्हणाले, होतं. का म्हणाले, तर ती तुझी लेक होती म्हणून. सोमवारी सकाळी फोन हातात घेऊन खाली ठेवला, तोही त्याचमुळे."

रत्नाच्या हातातला कप तिरका झाला, चहा तिच्या साडीवर सांडत राहिला. तिला तो जाणवला नसावा.

"म्हणीसन ती बुधवार बुधवार करे," ती अगदी हळू म्हणाली.

"हो."

मला वाटलं होतं ती मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. ती ओरडली नाही. उठून चार पावलं गेली, खिडकीशी उभी राहिली, परत आली, पण बाकावर बसली नाही. तिचा चेहरा इतका कोरा झाला होता की मी खाली बघितलं. चर्चमध्ये हातात हात देताना मी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलंच नव्हतं, आता पाहायची हिंमत नव्हती.

"दोन दिवस मिळाले असते," ती म्हणाली.

"हो. दोन दिवस."

"गोळ्यांवर राहिली असती?"

"बहुतेक. झटके आले नसते बहुतेक."

मी काही लपवलं नाही. तिने एकेक विचारलं आणि मी एकेक सांगितलं, आणि प्रत्येक उत्तराने ती थोडी थोडी वाकत गेली. सांगितल्याने मोकळं वाटतं असं म्हणतात. मला वाटलं नाही. मला फक्त एवढं वाटलं की तो आतला विचार जो सोय शोधत आला होता, त्याला आता बसायला जागा नाही. शुद्धीवर येऊन वृषाली काय सांगेल ते आता सांगून झालं होतं.

तेवढ्यात आतलं दार उघडलं. ती कोवळी नर्स म्हणाली, "नातेवाइकांपैकी एकानेच दोन मिनिटं आत या. एकानेच हं."

दीपक अजून परतला नव्हता. रत्ना दाराकडे दोन पावलं गेली आणि थांबली. काचेतून आत नळ्या दिसत होत्या, यंत्राचा हिरवा आकडा दिसत होता. ती वळली. माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत माया नव्हती. मी तशी आशाही केली नव्हती.

"तू जाय," ती म्हणाली.

"रत्ना, मी नको. तू आई आहेस."

"मी जासू ते मी रडसू. माले त्या आकडा समजत नहीत. तुले समजस." तिने माझा दंड धरला, मघासारखाच, पण या वेळी बोटं रुतली. "जाय. अन् बाहेर ईसन जे दिसी ते बठ्ठं माले सांगजो. काही ठेवू नको."

मी आत गेले.

वृषालीचा चेहरा ओळखू येत नव्हता. तोंडात नळी, ओठ दातांखाली चावलेले. मी सवयीने सगळं बघितलं. प्रेशर अजून वर होतं, पण सकाळच्या कागदावर होतं त्याहून खाली. लघवीची पिशवी जवळजवळ रिकामी, जी होती ती गडद. सलाईनमधून झटक्यांचं औषध चालू. मी चादर वर केली आणि पायावर अंगठा दाबला. खळगा पडला, तो भरायला खूप वेळ लागला. मी तेवढा वेळ तिथे उभी राहिले. नंतर मी दुसरीकडे बघितलं, म्हणजे आत, माझ्याकडे. मला वाटलं होतं, एवढं झाल्यावर तो कडूपणा जळून गेला असेल. गेला नव्हता. रत्नाने आज 'मन्हं चुकेल शे' म्हटलं होतं, पण ते दीपमालाला एक फोन करून म्हटलं नव्हतं, हे मी मरणाच्या दारात उभ्या पोरीच्या पायाशी उभी असतानाही मोजलं होतं. मोजलं होतं, आणि मला ते कळलं. मी इतकी भ्याले की पलंगाची कड धरली.

बाहेर आले तेव्हा रत्ना दाराला चिकटूनच उभी होती.

"पायांची सूज तशीच आहे," मी म्हणाले. "लघवी कमी आहे, ते वाईट आहे. मूत्रपिंडावर ताण आलाय. प्रेशर जरा उतरलंय, ते चांगलं आहे. झटका पुन्हा आलेला नाही. अजून शुद्ध नाही."

"वाची का ती?"

हजारो नातेवाइकांना या प्रश्नावर मी 'प्रभूवर भरवसा ठेवा' म्हणून पुढे गेले आहे. आज तसं म्हणून निसटता येत नव्हतं.

"माहीत नाही. उद्या सकाळपर्यंत लघवी वाढली तर वाचेल."

तिने मान हलवली. मी बोलायची थांबणार होते. पण तिने सगळं सांग म्हटलं होतं.

"आणखी एक आहे. तुझ्याबद्दलचं माझ्या मनातलं गेलेलं नाही, रत्ना. आत्ता आत उभी होते तेव्हाही होतं. मला त्याची फार भीती वाटते."

ती बाकावर बसली, आणि थोड्या वेळाने मीही बसले, मध्ये एका माणसाची जागा सोडून. दीपक रक्ताची पिशवी घेऊन जिना चढून आला, आत देऊन आला, बाळाच्या पेटीकडे गेला. उन्हाचा पट्टा सरकत भिंतीवर चढला.

अर्ध्या तासाने दार पुन्हा उघडलं. "एकाने या," नर्स म्हणाली.

"आता तू जा," मी रत्नाला म्हणाले. "तुझी लेक आहे."

तिने माझ्याकडे बघितलं नाही. समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाली, "नही. तूच जाय. तुले दिसस."

मी उठले.